शेपटीखालच्या दोन पिशव्या

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान जातीच्या कुत्र्यांच्या संगोपनावर पानभर मजकूर आला होता. लस कधी द्यायची, आंघोळ किती दिवसांनी घालायची, केस कसे विंचरायचे, नखं कुठपर्यंत कापायची, सगळं नीट दिलं होतं. मी ते पान कापून ठेवलंय. पण डोळे, कान, दात असं करत लेख शेपटीपर्यंत आला आणि तिथेच संपला. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन बाजूंना, कुत्र्याला दोन पिशव्या असतात, म्हणजे गुदग्रंथी, त्यांबद्दल एक ओळ नव्हती. लेखकाला मी दोष देत नाही. त्या जागेबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही. मीही गेल्या श्रावणापर्यंत बोलत नव्हते आणि त्यापायी माझ्या कुत्र्याने जे सोसलं ते सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर कापा, पण खाण्याचा आणि उपचारांचा भाग कृपया ठेवा.

मी देवरुखची. तेहतीस वर्षं आरोग्य खात्यात परिचारिका होते. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी ग्रामीण रुग्णालय. किती गळवं धुतली, किती जखमा बांधल्या याची गणती नाही. माणसाच्या मांडीवरचं गळू पिकायच्या आधी हाताला कळायचं मला. आणि माझ्याच पडवीत, माझ्याच पायाशी झोपणाऱ्या जिवाच्या अंगात गळू पिकत होतं, ते मला तीन आठवडे कळलं नाही. हे लिहिताना अजून हात थांबतो.

हा कुत्रा मुळात माझा नव्हे, मुलाचा. पुण्यात असताना त्याने शिह त्झू जातीचं पिल्लू घेतलं, नाव ठेवलं कोको. पुढे मुलाची बदली बंगळुरूला झाली, तिथल्या भाड्याच्या घरात कुत्रा चालत नव्हता, म्हणून कोको आमच्याकडे आला आणि आठवड्याभरात त्याचा कोकम झाला. आमच्या आळीत असे आलेले तीन कुत्रे आहेत. पुण्या-मुंबईत हौसेने घेतलेले, नंतर गावी आई-वडिलांकडे सोपवलेले. एक पग, एक पॉमेरेनियन आणि आमचा कोकम. पट्टा येतो, भांडं येतं, केस विंचरायची फणी येते, लसीचं कार्ड येतं. त्या जातीला कशाचा त्रास होतो हे मात्र कुणी लिहून देत नाही. माझ्या मुलालाही ते ठाऊक नव्हतं.

इथे आल्यावर त्याचं खाणं बदललं. पुण्याला पाकिटातलं कोरडं खाणं होतं. आम्ही त्याला घरचं म्हणून सकाळी दूध-पोळी, दुपारी आमटी-भात, चहाबरोबर ग्लुकोज बिस्किटं आणि रविवारी चिकनचे तुकडे देऊ लागलो. प्रेमानेच दिलं सगळं. आमटीत कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांना विषासारखा असतो हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. शी कायम सैल, पिठल्यासारखी. मला वाटायचं, लहान कुत्र्यांची अशीच असते. त्यात आमच्याकडचा पाऊस. जूनपासून बाहेर फिरणं जवळजवळ बंद. कोकम साडेआठ किलोचा झाला, आणि सगळे म्हणायचे, कसा गुटगुटीत झालाय.

मग तो बूड घासायला लागला. पुढचे दोन पाय टेकून, मागचे दोन हवेत धरून, ओटीवरच्या लादीवर इकडून तिकडे स्वतःला ओढत न्यायचा. ज्यांनी पाहिलं ते हसले. नातवाने मोबाईलवर त्याची चित्रफीत काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवली. आज ती बघवत नाही, कारण आता त्यात मला दुखणं दिसतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बाय, जंत झालेत त्याला, गोळी दे." दिली. दहा-बारा दिवसांनी पुन्हा दिली. घासणं थांबलं नाही म्हणून तिसऱ्यांदा दिली. जंतांनीही कुत्रा बूड घासतो, हे खोटं नाही. पट्टकृमी असतील तर शीवर किंवा शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसतात आणि ते जंत पिसवांमधून येतात. पण कोकमच्या केसांना असा एकही दाणा मला दिसला नव्हता. मी बघितलंच नव्हतं, तर दिसणार कुठून? शेपूट उचलून बघायला हवी होती. माणसाच्या बाबतीत मी कधीच न बघता औषध दिलं नसतं.

रत्नागिरीला केस कापायला नेत होतो तिथेही दर महिन्याला आंघोळ, नखं, कान आणि "ग्लँड काढणं" असं सगळं एकत्र पैशात असायचं. काय काढतात हे मी विचारलं नाही. आंघोळीच्या टेबलावर तो मुलगा शेपूट वर धरून दोन बोटांनी दाबायचा, कोकम किंचाळायचा आणि मी मान वळवायचे. दुकानाचं नाव मी देणार नाही. त्या मुलाला जसं शिकवलं तसं तो करत होता. पण गुदद्वाराजवळच्या अवयवावर दर महिन्याला हात चालतोय आणि मी एका शब्दाने चौकशी करू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात मासळी शिजत नाही. एरवी आठवड्यातून तीन दिवस बांगडा नाहीतर बोंबील असतोच, त्यामुळे घराला वास असतो आणि कुणाचं लक्ष जात नाही. पण श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी उपासाचं करत होते आणि माजघरात बांगड्याचा वास आला. कुजत चाललेल्या मासळीचा, त्यात गंजक्या लोखंडासारखा काहीतरी. मांजराने काही आणून टाकलं असेल म्हणून कपाटाखाली झाडू घातला. वास कोकमच्या गोधडीला होता. आता वाटतं, तो वास श्रावणाच्या आधीही असणार. घरातल्या मासळीत तो लपून गेला.

चार दिवसांनी पहाटे गोधडीवर रक्त आणि पू. शेपूट उचलली तर तो ओरडला आणि पहिल्यांदाच माझ्या हाताला दात लावले. गुदद्वाराच्या उजव्या अंगाला, जरा खाली, शेंगदाण्याएवढं भोक पडलं होतं, भोवतीची कातडी जांभळी. माझ्या ओळखीचं दृश्य. फुटलेलं गळू.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर वाडीवर गुरांच्या लसीकरणाला गेले होते. ते दुपारी आले, भिजलेले, आणि आधी कोकमलाच बघितलं. वेदनाशामक इंजेक्शन दिलं, वरवर धुतलं आणि सरळ सांगितलं की आतून धुवायला गुंगी द्यावी लागेल, हा चपट्या नाकाचा कुत्रा आहे, गुंगीत श्वासाला जपावं लागतं, प्राणवायूची सोय असलेल्या ठिकाणी न्या. त्यांच्या या सांगण्याचे उपकार आहेत. साखरप्यावरून आंबा घाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो. घाटात धुकं होतं, कोकम माझ्या मांडीवर एका कुशीवर वाकडा पडून, बसायला तयार नव्हता.

तिथल्या डॉक्टरबाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक गोल काढला. म्हणाल्या, हे घड्याळ समजा आणि शेपूट बारा वाजता. मग चारच्या आणि आठच्या आकड्यावर, कातडीच्या आत, एकेक पिशवी असते. प्रत्येक कुत्र्याला, नर असो वा मादी. दुकानात "ग्लँड" म्हणत होते त्या याच गुदग्रंथी. गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूंचे दोन थर असतात, त्या दोन थरांच्या मध्ये या पिशव्या बसलेल्या. लहान कुत्र्यात साधारण वाटाण्याएवढ्या. आतल्या अस्तरातल्या ग्रंथींमधून उग्र वासाचा पातळ स्राव पाझरतो, पिशवीत साठतो आणि बारीक नळीने गुदद्वाराच्या कडेशी बाहेर पडतो. कुत्रे भेटले की एकमेकांच्या मागे हुंगतात ते यासाठी. तो वास म्हणजे त्यांची ओळख. कुत्रा फार घाबरला तरी पिशवी एकदम रिकामी होते.

रोज ती रिकामी व्हायची सोय शरीरानेच केलेली आहे. घट्ट, भरीव शी बाहेर पडताना पिशवीवर दाब येतो आणि थोडा स्राव निघून जातो. शी सैल असेल तर दाब येत नाही. स्राव आत राहतो, घट्ट होतो, दातांच्या पेस्टसारखा, पुढे मेणासारखा. नळी बुजते. मग सूज, मग जंतुसंसर्ग, मग पू आणि शेवटी कातडी फोडून पू स्वतःच वाट काढतो. लहान कुत्र्याच्या नळ्या मुळात बारीक. लठ्ठ कुत्र्यात भोवतीच्या चरबीने दाब नीट पोचत नाही. दूध-पोळी, बिस्किटं, बंद झालेलं फिरणं, साडेआठ किलो वजन. डॉक्टरबाई एकेक सांगत होत्या आणि मला माझ्या स्वयंपाकघरातला एकेक दिवस आठवत होता.

"दर महिन्याला दाबून घेत होतो, तरी असं कसं झालं?" मी विचारलं. त्यांचं उत्तर मला छापून यायला हवं आहे. बाहेरून दोन बोटांनी दाबल्यावर पिशवी पुरती रिकामी होत नाही, तळचा घट्ट भाग तसाच राहतो. उलट निरोगी पिशवी पुन्हा पुन्हा दाबल्याने तिला इजा होते, सूज येते आणि त्या सुजेनेच नळी अरुंद होते. नीट रिकामी करायची तर हातमोजा घालून, बोटाला वंगण लावून, एक बोट आत आणि अंगठा बाहेर ठेवून हलक्या दाबाने करतात. तेही त्रास असेल तेव्हाच. ज्याला काही त्रास नाही त्याच्या ग्रंथींना हात लावू नये. आंघोळीच्या यादीत नखांच्या शेजारी हे काम असण्याचं कारण नाही. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालापासून आहे आणि जनावरांवर उपचार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाने करावेत असं तो सांगतो. ग्रंथी दाबणं त्यात बसतं की नाही हा वाद मी घालत नाही. दुकानात नेणाऱ्यांना एवढंच सांगते की, "ग्लँडना हात लावू नका" असं आधीच बजावा. दुकानदारांनीही वास, सूज किंवा रक्त दिसलं तर दाबत न बसता मालकाला डॉक्टरकडे पाठवावं.

उपचार असे झाले. हलकी गुंगी, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, भोवतीचे केस भादरले, पिशवी सलाइनने आतून धुतली. भोक शिवलं नाही, मुद्दाम उघडं ठेवलं. गळू शिवून बंद करत नाहीत हे मला वेगळं सांगायला नको होतं. दुसरी, डाव्या बाजूची पिशवीही गच्च भरलेली निघाली. तपकिरी, घट्ट. निरोगी स्राव पातळ, पिवळसर ते फिकट तपकिरी असतो. पू किंवा रक्त दिसलं तर संसर्ग. तोंडाने प्रतिजैविक, कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक आणि गळ्यात प्लास्टिकचा कोन, जखम चाटू नये म्हणून. घरी दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या फडक्याने दहा मिनिटं शेक. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतो तसं मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावं, गरम नको. कोकम पहिल्या दिवशी गुरगुरला. तिसऱ्या दिवशी शेकाचं पातेलं दिसलं की स्वतःच येऊन पाठमोरा उभा राहायचा.

दोन गोष्टी मी करायच्या बेतात होते, त्या इथे मुद्दाम लिहिते, कारण बहुतेक घरांत हेच केलं जातं. एक, त्या पहाटे मी घरातली माणसांची दुखण्याची गोळी चतकोर करून द्यायला काढली होती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला, आतड्याला व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. सात-आठ किलोच्या देहाला आपली अर्धी गोळीही भारी पडते. दुसरी गोष्ट, हळद-तेल. फुटलेल्या जखमेत तेल घालू नये, डेटॉलसारखं जंतुनाशकही ओतू नये. कुत्रा ते चाटतो आणि आतली जखम आणखी चिघळते. डॉक्टरकडे पोचेपर्यंत कोमट पाण्याने बाहेरून पुसा आणि त्याला चाटू देऊ नका. दुखऱ्या, सुजलेल्या जागेवर दाबून पू काढायचा प्रयत्न तर अजिबात नको, पिशवी आतल्या आत फुटू शकते.

आता खाण्याबद्दल, कारण खरं काम तिथे झालं. दूध पूर्ण बंद. वयात आलेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, शी सैल होते. बिस्किटं बंद. डॉक्टरबाईंनी शीला आकार यावा म्हणून चोथा वाढवायला सांगितला आणि त्यासाठी शहरातून काही मागवावं लागलं नाही. आमच्या परसातला लाल भोपळा. साल-बिया काढून वाफवायचा, मीठ नाही, फोडणी नाही, कुस्करून चहाचे दोन चमचे रोजच्या जेवणात. त्याबरोबर इसबगोल, चहाचा पाव चमचा, भरपूर पाण्यात भिजवून फुगल्यावरच. कोरडा इसबगोल कधी घालू नये, तो पोटात पाणी ओढतो आणि बद्धकोष्ठ होतं. हळूहळू सुरू करा, एकदम वाढवलं तर पोट फुगतं. प्रमाण वजनावर आणि शी कशी होते यावर ठरतं, तेव्हा आपापल्या डॉक्टरांना विचारा. माझं माप कोकमचं आहे. दहा-बारा दिवसांत शीला आकार आला. उचलली तर लादीवर डाग राहत नाही, इतकी भरीव. अशा गोष्टीचा आनंद व्हावा हे कुणाला विचित्र वाटेल. मला झाला.

पण नुसत्या भोपळ्याने सगळं सुटतं असं कुणी समजू नये. दोन महिन्यांनी डाव्या बाजूची पिशवी पुन्हा भरली. तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, तो पंजे चाटतो का? चाटत होता. रात्री चपचप आवाज यायचा, पांढऱ्या पंजांचे केस तांबूस झाले होते. कान आतून लाल. ही सगळी ॲलर्जीची लक्षणं आणि ज्या कुत्र्याच्या कातडीला ॲलर्जी त्याची गुदद्वाराभोवतीची कातडीही खाजते, सुजते, पिशव्या वारंवार भरतात. म्हणजे मूळ पंजात दिसत होतं आणि आम्ही शेपटीखाली झगडत होतो. आठ आठवडे खाण्याची परीक्षा झाली. त्याने आधी कधी न खाल्लेलं एकच मांस, आणि त्याबरोबर एकच धान्य. आमच्याकडे मटण क्वचितच येतं आणि कोकमला ते कधी दिलं नव्हतं, म्हणून मटण-भात. बाकी काही नाही, बिस्किटाचा तुकडा नाही, पोळीचा कोपरा नाही. घरातल्या चार माणसांना हे पाळायला लावणं कोकमला लावण्यापेक्षा अवघड गेलं. नातवाने मात्र सगळ्यांपेक्षा कडक पाळलं. खाज थांबली. नंतर एकेक पदार्थ परत देऊन बघितला. चिकन दिल्यावर पाचव्या दिवशी पंजे चाटणं सुरू. ते बंद केलं. तुमच्या कुत्र्याला वेगळं काही निघेल, काहींची ॲलर्जी धुळीची किंवा परागकणांची असते, काहींची पिसवांची. वारंवार ग्रंथी भरणाऱ्या कुत्र्याच्या मालकाने डॉक्टरला कातडीबद्दल विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

हे दुखणं किती जणांना होतं हेही मी विचारलं. ब्रिटनमध्ये रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. २०२१ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. वर्षभरात त्यांतल्या ४.४ टक्के कुत्र्यांना गुदग्रंथींचा त्रास झालेला आढळला. म्हणजे शंभरात चार-पाच. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना लांब तोंडाच्या कुत्र्यांपेक्षा हा धोका अडीच पटीहून जास्त. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, कॉकर स्पॅनियल, बिशॉन यांच्याबरोबर शिह त्झूचं नाव जास्त धोक्याच्या जातींत आहे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांना त्या मानाने कमी होतो. आमच्या आळीतला पग चपट्या तोंडाचा आणि लठ्ठही. त्याच्या घरच्यांना मी हे जाऊन सांगितलं. आधी ते हसले. मी चिठ्ठीमागचं घड्याळ दाखवलं, मग त्यांनी शेपूट उचलून बघितली.

कशावर लक्ष ठेवायचं ते लिहिते. बूड घासणं सगळ्यांना दिसतं, पण त्याआधी बारीक खुणा असतात. चालता चालता कुत्रा अचानक थांबून, कुणीतरी टोचल्यासारखा, मागे वळून बघतो. शेपटीच्या बुडाशी चावत राहतो. बसताना एका कुल्ल्यावर बसतो. पायरी चढायला नको म्हणतो. शी करताना कण्हतो किंवा करायला जाऊन तसाच परत येतो. मासळीचा वास येतो, आणि कोकणातल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. सूज, लाली, पू, रक्त, ताप किंवा खाणं सोडणं यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पाऊस थांबायची वाट बघू नये. मी एक दिवस बघितली असती तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे.

वयस्क कुत्र्याच्या मालकांनी आणखी एक लक्षात घ्यावं. याच ग्रंथींचा कर्करोगही होतो. गाठ सुरुवातीला दुखत नाही, बाहेरून दिसेलच असं नाही, बोटाने तपासल्यावरच लागते. काही कुत्र्यांत या गाठीमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि कुत्रा खूप पाणी पितो, वारंवार लघवीला जातो. आपण म्हणतो, उन्हाळा आहे. म्हणून वर्षाच्या लसीला नेल्यावर डॉक्टरांना ही तपासणीही करा असं म्हणावं. दोन मिनिटांचं काम आहे. संकोच वाटला तर हे पत्र दाखवा.

कोकमची शस्त्रक्रिया केली नाही. त्रास पुन्हा पुन्हा झाला, औषधाने हटलाच नाही, तर पिशव्या काढून टाकता येतात. पण तिथूनच गुदद्वार आवळणाऱ्या स्नायूंच्या नसा जातात, त्यांना धक्का लागला तर शीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो, बहुधा तात्पुरता, क्वचित कायमचा. संसर्ग शांत झाल्यावर, अनुभवी हातांनीच ते करावं. तूर्त तशी वेळ नाही. मी परिचारिका होते म्हणून डॉक्टरबाईंनी मला बोटाने अंदाज घ्यायला शिकवलं. महिन्याने एकदा मी बाहेरून चाचपते. पिशवी मऊ असेल तर हात काढून घेते. भरून टणक लागली तर कोल्हापूरला फोन. सहा महिन्यांत फोन एकदाच करावा लागला. हे चाचपणं प्रत्येकाने करावं असं मी म्हणणार नाही, पण शेपटीखालचे केस कात्रीने आखूड ठेवणं आणि आठवड्याला एकदा उजेडात बघणं कुणालाही जमतं. लांब केसांच्या कुत्र्यात गुंता आणि शी चिकटून आतलं काहीच दिसत नाही. आमचं तेच झालं होतं.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आपल्या वृत्तपत्राला. पुरवणीत पशुवैद्यकांकडून या विषयावर लिहून घ्या, चित्रासह, तेच घड्याळाचं चित्र. खेड्यापाड्यात आता असे लहान कुत्रे पुष्कळ आहेत आणि त्यांचे मालक माझ्यासारखे साठी उलटलेले. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या यांची रीघ असते, ते योग्यच आहे, गोरगरिबांचं पोट त्यावर आहे. पण आठवड्यातली एक दुपार लहान जनावरांसाठी ठरवली आणि तशी पाटी लावली तर आंबा घाट चढावा लागणारे निम्मे लोक तरी वाचतील. पशुसंवर्धन खात्यातल्या कुणी हे वाचलं तर विचार व्हावा.

दुसरी विनंती शहरातल्या मुलामुलींना. कुत्रा आई-वडिलांकडे ठेवून जाताना लसीच्या कार्डाबरोबर एक कागद लिहून द्या. त्याची जात, तिचे नेहमीचे आजार, तो काय खातो आणि काय देऊ नये, याआधी काय काय झालं, कुठल्या डॉक्टरांचा सल्ला होता. पुण्यात असताना कोकमच्या ग्रंथी दोनदा भरल्या होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी खाणं बदलायला सांगितलं होतं. मुलाने हे मला कोल्हापूरहून परतल्यावर फोनवर सांगितलं. त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तो फोनवर रडला आणि मी त्याला काही बोलले नाही.

आता शिमगा जवळ आलाय. कोकमचं वजन सहा किलो नऊशे आहे. पालखी आली की ढोलांच्या आवाजाने तो घाबरतो, म्हणून त्या दिवसांत त्याला मागच्या खोलीत ठेवून मी त्याच्याजवळ बसणार आहे. मंगळवारी कोल्हापूरला तपासणी आहे. परसातले दोन भोपळे डॉक्टरबाईंसाठी काढून ठेवलेत.

पत्र प्रसिद्ध केल्यास माझं नाव देऊ नये. लहान गाव आहे, आणि नाव दिलं तर रत्नागिरीच्या त्या दुकानातला मुलगा ओळखला जाईल. तो आता कोकमच्या ग्रंथींना हात लावत नाही आणि वास आला तर मला सांगतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
देवरुख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी